कुलूप कोणी लावले?

कोजागिरीच्या रात्री मंडळाच्या गच्चीवर दूध आटत होते. गोष्टी निघाल्या खेळाच्या, आणि खेळावरून पैशाच्या. आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी सर्वांच्या वतीने निकाल देऊन टाकला : "खेळाडू काय आणि मालक काय, एकाच माळेचे मणी. त्यांच्या भांडणात आपण कशाला पडावे?" मंडळींनी माना डोलावल्या. सवयीने मीही डोलावू लागलो, पण मान मध्येच अडकली. ती का अडकली, हे सांगण्यासाठी हा लेख. स्नेह्यांचा अनादर करण्याचा हेतू नाही. परंतु हे मत मला नुसते चुकीचे नव्हे, तर हानिकारक वाटते, आणि ते आपणा जुन्या मराठी घराण्यांत इतके मुरले आहे की त्याचा उघड समाचार घेणे भाग आहे.

२०१२ साली मी श्रम खात्याच्या सेवेत होतो. थोरल्या मुलीचे बाळंतपण अमेरिकेत पिट्सबर्ग येथे व्हायचे होते. परदेशगमनाची परवानगी, अर्जित रजा, ना-हरकत दाखला ही सारी वैतरणी ओलांडून आम्ही उभयता तिथे पोहोचलो. घरात सौभाग्यवतींना काम होते, मला नव्हते. माझी ती अवस्था जावयांनी दोन दिवसांत ओळखली. दसरा होऊन दोन-चार दिवस झाले असतील, ते म्हणाले, "बाबा, तुम्ही ग्वाल्हेरचे. हॉकी बघायला चला."

ग्वाल्हेरच्या माझ्या पिढीला हॉकीची ओळख करून द्यावी लागत नसे. ध्यानचंदांचे धाकटे बंधू कॅप्टन रूपसिंग आमच्याच शहरात राहिले आणि १९७७ साली इथेच वारले. १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान अमेरिकेला २४–१ असे हरवले, त्यांतले दहा गोल रूपसिंगांचे. त्यांच्या नावाचे स्टेडियम मुळात हॉकीचे; पुढे ते क्रिकेटचे झाले, हा भाग वेगळा. तेव्हा हॉकी म्हटल्यावर मी उठलोच. ही हॉकी मात्र बर्फावरची : चेंडूऐवजी रबराची काळी चकती, पायांत पात्यांचे बूट, आणि एका वेळी गोलरक्षकासह सहा गडी.

शहराच्या दक्षिणेस वीसेक मैलांवर कॅनन्सबर्गजवळ साउथपॉइंट नावाची वसाहत आहे. तेथील बर्फाच्या आखाड्यात आम्ही गेलो. तिकीट नव्हते, वाद्ये नव्हती, फलकावर धावसंख्येसारखे काही झळकत नव्हते. लाकडी बाकांवर पन्नास-साठ माणसे गरम कोट घालून बसली होती आणि खाली बर्फावर पिट्सबर्ग पेंग्विन्सचे खेळाडू सराव करीत होते. त्यांच्यात सिडनी क्रॉस्बी होता. २८ फेब्रुवारी २०१० रोजी व्हँकूव्हरच्या ऑलिंपिक अंतिम सामन्यात अमेरिकेविरुद्ध कॅनडाचा सुवर्णगोल करणारा आणि त्याआधी २००९ साली पिट्सबर्गला स्टॅनली चषक मिळवून देणारा हा पंचवीस वर्षांचा कर्णधार आपली जाडजूड पिशवी स्वतःच्या खांद्यावरून वाहत आत आला.

मी सरकारी माणूस; माझे लक्ष खेळाइतकेच व्यवस्थेकडे गेले. प्रशिक्षक नव्हता. संघाचा वैद्य नव्हता. शिट्टी नव्हती. कोणी कोणता डाव घोटायचा हे खेळाडूच आपसांत ठरवीत होते, आणि एखादा डाव फसला की हसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करीत होते. संघाच्या कर्मचाऱ्यांना त्यांच्याशी संपर्क ठेवण्याची मनाई होती. संघाच्या सोयी त्यांना बंद होत्या. बर्फ वापरायचा तर तासाचे भाडे मोजून. नेमलेली वेळ संपली तेव्हा त्या जगप्रसिद्ध मंडळींनी इकडेतिकडे पसरलेल्या चकत्या वाकून गोळा केल्या आणि जागा मोकळी केली, कारण दाराशी पुढच्या वर्गाची पोरे बूट बांधून ताटकळत उभी होती.

खेळ कसा होता? खरे सांगायचे तर सरावासारखाच. त्यात ईर्षा नव्हती, निकाल नव्हता. अंगावर धावून जाणे नव्हते. पण चकती त्या माणसाच्या काठीला जशी चिकटून राहत होती, ते पाहताना मला लहानपणी ऐकलेल्या रूपसिंगांच्या गोष्टी आठवल्या, आणि आपण काहीतरी अस्सल पाहत आहोत याविषयी शंका उरली नाही.

शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. ते कौतुकाने म्हणाले, "संपावर आहेत, पण सराव सोडत नाहीत, बघा."

मी विचारले, "संप कोणी पुकारला?"

ते थबकले. "नाही, तसे म्हणाल तर मालकांनीच बंद केले आहे. पण फरक काय पडतो? सगळेच कोट्यधीश."

कोजागिरीचे माझे स्नेही आणि साउथपॉइंटचे ते गृहस्थ यांची गाठ कधी पडण्याची शक्यता नाही. पण वाक्य एकच. म्हणून उत्तरही एकच देतो : फरक पडतो. फार पडतो.

आपल्याकडील १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार मी सेवेची बहुतेक वर्षे काम केले. त्यात संप आणि टाळेबंदी यांच्या व्याख्या वेगळ्या दिल्या होत्या, आणि त्या वेगळ्या देण्यास कारण होते. काम करणाऱ्यांनी मिळून काम थांबवले तर तो संप. मालकाने कामाची जागा बंद केली, काम थांबवले किंवा माणसांना कामावर ठेवण्यास नकार दिला तर ती टाळेबंदी. कुलूप कोणी लावले, हा पहिला प्रश्न. कोणाचे म्हणणे रास्त, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दडपून दुसऱ्याकडे उडी मारणारा माणूस निःपक्षपाती नसतो. कुलूप ज्याचे, त्याचा तो नकळत साक्षीदार होतो.

आता २०१२चे प्रकरण पाहू. नॅशनल हॉकी लीगमधील मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील करार १५ सप्टेंबर २०१२ रोजी संपला. बोलणी चालू असेपर्यंत जुन्याच अटींवर खेळण्यास खेळाडू तयार होते. मालकांनी कुलूप लावले. हंगाम ११ ऑक्टोबरला सुरू व्हायचा होता. आम्ही साउथपॉइंटला गेलो तेव्हा नोव्हेंबरअखेरपर्यंतचे सारे सामने रद्द झाल्याची बातमी ताजी होती. जुन्या करारानुसार उत्पन्नाचा ५७ टक्के वाटा खेळाडूंचा होता. जुलैमध्ये मालकांनी पहिला प्रस्ताव दिला तो ४३ टक्क्यांचा. अखेर ६ जानेवारी २०१३च्या पहाटे, सोळा तासांच्या बैठकीनंतर, समेट झाला तो निम्म्या-निम्म्या वाट्यावर. ८२ऐवजी प्रत्येक संघाचे ४८ सामने झाले. एकूण १,२३० पैकी ५१० सामने बुडाले.

मालकांची बाजू नव्हतीच असे मी म्हणणार नाही. लहान शहरांतील काही संघ तोट्यात होते. शिवाय खेळाडूंचे वेतन साखळी सामन्यांबरोबर संपते, तर मालकांची मोठी मिळकत त्यानंतरच्या बाद फेरीत असते. करार न करता हंगाम सुरू केला आणि ऐन वसंतात खेळाडूंनी संप केला तर काय, ही त्यांची भीती. १९९२च्या एप्रिलमध्ये असा दहा दिवसांचा संप झालाही होता. हा युक्तिवाद पोकळ नाही. पण दुसरी बाजूही पाहावी. तोट्यातील संघांना श्रीमंत संघांनी अधिक हात द्यावा, असे खेळाडूंची संघटनाच म्हणत होती. आणि ज्या जुलैत मालकांनी ४३ टक्क्यांचा प्रस्ताव मांडला, त्याच महिन्याच्या चार तारखेला मिनेसोटाच्या संघाने दोन खेळाडूंशी प्रत्येकी तेरा वर्षांचे आणि ९ कोटी ८० लाख डॉलरचे करार केले होते. डाव्या हाताने सही करायची आणि 'या सह्यांनी आम्हांला बुडवले' म्हणून उजव्या हाताने कुलूप लावायचे, याला काय म्हणावे?

बरे, हे प्रथमच घडले असते तर अनुभवाचा अभाव म्हटले असते. १९९४–९५ साली कुलूप लागले. तेव्हाही हंगाम ४८ सामन्यांवर आला. २००४–०५ साली लागले. तेव्हा तर संपूर्ण हंगाम रद्द झाला. स्टॅनली चषकावर विजेत्याच्या नावाऐवजी त्या वर्षी हंगाम खेळला गेला नाही, अशी नोंद कोरावी लागली. १९१९ साली इन्फ्लुएंझाच्या साथीमुळे चषक कोणाला देता आला नव्हता. त्यानंतरची ही पहिली वेळ. साथीने जे केले ते कुलपाने केले. त्या वेळी खेळाडूंनी वेतनात २४ टक्के कपात सोसली आणि वेतनावरची कमाल मर्यादाही मान्य केली. आता सारे सुरळीत होईल, असे सांगितले गेले. सात वर्षांनी पुन्हा कुलूप. तीनही वेळा लीगचे आयुक्त एकच, गॅरी बेटमन. उलट २०२० आणि २०२५ साली मुदत संपण्याआधीच बोलून करार वाढवले गेले आणि एकही सामना बुडाला नाही. म्हणजे कुलूप ही दैवी आपत्ती नव्हती. ते एक हत्यार होते. उपसायचे की नाही हे ज्याच्या हाती होते, त्यानेच ते उपसले.

आता मुख्य आक्षेप : "पण खेळाडू कोट्यधीश!" होय, आहेत. क्रॉस्बीने त्याच उन्हाळ्यात बारा वर्षांसाठी १० कोटी ४४ लाख डॉलरचा करार केला होता. पण न्यायाचा काटा गरिबांसाठी एक आणि श्रीमंतांसाठी दुसरा असतो काय? खेळाडूच्या मिळकतीने डोळे दिपतात, कारण ती वर्तमानपत्रात छापून येते. मालकाची छापून येत नाही, म्हणून तो गरीब ठरत नाही. खेळाडूचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे, आणि तेही हाडामांसाचे. हाच क्रॉस्बी जानेवारी २०११मध्ये डोक्याला झालेल्या आघातांमुळे कित्येक महिने खेळाबाहेर होता. डोके त्याचे फुटते, मालकाचे नव्हे.

आणि मालक तरी कोण होते? पिट्सबर्गच्या संघाचे एक मालक मारिओ लेम्यू, पूर्वीचे थोर खेळाडू. १९९८ साली या संघाचे दिवाळे निघाले, तेव्हा थकलेल्या वेतनापोटी संघ त्यांचे कोट्यवधी डॉलर देणे लागत होता. त्या थकबाकीचे त्यांनी मालकीत रूपांतर केले आणि संघ शहरातच राखला. त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण खेळाडूचा पैसा मालक बुडवू शकतो, हे ज्याला अनुभवाने ठाऊक, तोही व्यवस्थेच्या नियमाने फाटकाच्या आतल्या बाजूला उभा राहतो. सज्जन मालक असला म्हणून कुलपाची जात बदलत नाही.

पिट्सबर्गात राहून मला ही गोष्ट आणखी एका ठिकाणी दिसली. मुलीने आम्हांला खरेदीसाठी मोनोंगाहेला नदीकाठच्या एका मोठ्या बाजारपेठेत नेले. दुकानांच्या एका टोकाला विटांची बारा धुराडी रांगेत उभी होती. कारखाना नाही, नुसती धुराडी. चौकशी केली तेव्हा कळले की हे होमस्टेड. १८९२ साली कार्नेगींच्या पोलाद कारखान्याचे व्यवस्थापक हेन्री क्ले फ्रिक यांनी करार संपण्याच्या सुमारास कारखान्याभोवती उंच कुंपण घातले आणि कामगारांना बाहेर काढले. ६ जुलैला पिंकर्टन कंपनीचे सुमारे तीनशे सशस्त्र रखवालदार नावांतून उतरवण्याचा प्रयत्न झाला. गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसे मेली, आणि अखेर कामगारांची संघटना मोडून पडली. या घटनेला लोक आजही 'होमस्टेडचा संप' म्हणतात. कुंपण मालकाचे, कुलूप मालकाचे, आणि नाव संपाचे! चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार इतिहासात एकशेवीस वर्षे टिकला होता, आणि तो साउथपॉइंटच्या बाकावरच्या त्या गृहस्थांच्या तोंडून मी आठवड्यापूर्वीच ऐकला होता.

त्यांना दोष देण्याचा अधिकार मात्र मला नाही. ज्या कारणाने कोजागिरीच्या रात्री माझी मान अडकली, ते कारण आता सांगतो.

१९९४ साली मी समेट अधिकारी म्हणून एका कारखान्याच्या तंट्यात होतो. कारखान्याचे नाव इथे नको. मालकाने फाटकाला कुलूप लावले होते. कामगार रोज सकाळी पाळीच्या वेळेला येत, जेवणाचे डबे बाजूला ठेवून फाटकासमोर बसत आणि पाळी सुटण्याच्या वेळेला उठून घरी जात. एके दिवशी मी त्यांच्या पुढाऱ्याला विचारले, "काम नाही, मग डबा कशाला आणता?" तो म्हणाला, "साहेब, आम्ही कामावर आलोय. कुलूप उघडले तर जेवणाच्या सुटीला घरी थोडेच जायचे?" मी हसलो. आणि कचेरीत परत येऊन अहवालात लिहिले : 'उभय पक्षांच्या ताठर भूमिकेमुळे कामकाज ठप्प आहे.' अशी वाक्ये लिहिताना लेखणी अडखळत नाही. कोणी रागावत नाही, कोणी स्पष्टीकरण मागत नाही. पुढे टाळेबंदीच्या काळातील वेतनाचा प्रश्न न्यायालयात गेला, तेव्हा मालकाच्या वकिलाने माझे ते वाक्य वाचून दाखवले. माणसे कामाला तयार होती की नव्हती, यावर सारे अवलंबून होते. मी त्यांचे डबे पाहिले होते. पण अहवालात डबे नव्हते.

साउथपॉइंटला, भाड्याने घेतलेल्या बर्फावर, प्रशिक्षकाविना घाम गाळणारी ती माणसे पाहताना मला अठरा वर्षांपूर्वीचे ते डबे दिसले. पैशात जमीन-अस्मानाचा फरक. मी तो विसरलेलो नाही. कोट्यधीशाच्या उपासाला उपास म्हणणे फाटकासमोरच्या माणसाची थट्टा ठरेल. पण कृती तीच होती : आम्ही तयार आहोत, दार उघडा. सराव म्हणजे दुसरे काय होते? ती हजेरी होती.

'त्यांच्या भांडणात आपण कशाला' म्हणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, अशी म्हण आहे. इथे तिसऱ्याचा निव्वळ तोटा होता. क्रीडागृहात तिकिटे फाडणारे, खुर्च्या दाखवणारे, खाद्यपदार्थ विकणारे, सामन्यांच्या संध्याकाळवर जगणारी आसपासची छोटी उपाहारगृहे यांचे ५१० संध्याकाळींचे उत्पन्न बुडाले. हे वाटाघाटींच्या मेजावर कुठेच नव्हते. पिट्सबर्गचे नवे क्रीडागृह २०१० साली उघडले, त्याच्या खर्चाला राज्याच्या निधीचा आणि जुगारगृहाच्या उत्पन्नाचा हातभार होता. म्हणजे जनतेचा होता. तीही मेजावर नव्हती. आणि प्रेक्षक? खेळ परत सुरू झाला तेव्हा पिट्सबर्गच्या पहिल्या काही सामन्यांना प्रेक्षकांना खाद्यपदार्थ फुकट मिळाले. तीन महिने दार बंद ठेवायचे, आणि उघडल्यावर हातावर प्रसाद ठेवायचा! प्रेक्षकांनी तो घेतला, आणि सारे विसरले.

हे परदेशातले म्हणून सोडून देऊ म्हटले, तर आपल्याकडेही पाहा. जानेवारी २०१०मध्ये पुण्यात बालेवाडीला विश्वचषकपूर्व शिबिरात भारतीय हॉकीपटूंनी थकलेल्या पैशांसाठी सराव थांबवला. तो संप होता, टाळेबंदी नव्हे. मी शब्दांची गल्लत करणार नाही. पण 'देशासाठी खेळायचे की पैशासाठी' असे त्यांनाच विचारले गेले. पैसे का थकले, हे विचारणारे थोडे. चार-सहा दिवसांत तोडगा निघाला. २८ फेब्रुवारीला, ज्या दिवशी व्हँकूव्हरला क्रॉस्बीने तो गोल केला त्याच दिवशी, दिल्लीत या 'पैशासाठी अडलेल्या' संघाने पाकिस्तानला ४–१ असे हरवले. त्यांतला एक गोल आमच्या ग्वाल्हेरच्या शिवेंद्रसिंगचा. तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. थकबाकीची आठवण पेढ्याबरोबर विरघळली.

असे का होते? मला वाटते, आपल्यापुरते उत्तर आपल्या घराण्यांच्या इतिहासात आहे. आपले पूर्वज शिंदे, होळकर, गायकवाड, पवार यांच्या बरोबर किंवा त्यांच्या मागून या शहरांत आले. कोणी फडणीस, कोणी कारकून, कोणी मास्तर. पुढे गिरण्या आल्या तेव्हा आपली माणसे बहुधा मागावर नव्हती, कचेरीत होती. हजेरीपट भरत होती. ज्याचे मीठ खावे त्याच्याविरुद्ध बोलू नये आणि जो बाहेर उभा आहे त्याच्या बाजूने बोलून आपले स्थान धोक्यात घालू नये, हा शहाणपणा आपण पिढ्यान्‌पिढ्या जपला. त्याने आपली घरे टिकली, मुले शिकली. त्याची मी टिंगल करीत नाही. मी त्याच शहाणपणाचे अपत्य आहे. पण त्याला तटस्थता म्हणू नये. 'नरो वा कुंजरो वा' म्हणताना युधिष्ठिरही खोटे बोलला नव्हता. तरी त्याचा रथ जमिनीला टेकला.

माझे म्हणणे एवढेच आहे. खेळाडू नेहमीच बरोबर असतात असे मी म्हणत नाही. संपही चुकीचे असतात, आणि सेवेत असताना मी काही संपांविरुद्ध स्पष्ट अहवाल दिले आहेत. पण पुढच्या वेळी कुठला खेळ, कुठला कारखाना, कुठली शाळा बंद पडल्याची बातमी येईल, तेव्हा 'दोघेही सारखेच' म्हणण्यापूर्वी आपण तीन गोष्टी विचाराव्यात : कुलूप कोणी लावले, किल्ली कोणाच्या खिशात आहे, आणि फाटकाबाहेर डबा घेऊन कोण बसले आहे. त्यानंतर ज्याला जे मत द्यायचे ते त्याने द्यावे.

ज्येष्ठ स्नेह्यांनी याला उत्तर लिहावे. मी ते आदराने वाचीन. मात्र पुढच्या कोजागिरीला मी मान डोलावणार नाही, एवढे त्यांनी आधीच समजून असावे.